आवाज बंद

लाइट काही तासाभरात येत नाही, आणि अंधारात सोल्डरिंग करायला तुम्ही काही घुबडं नाही. बसा जरा. चहा आधी संपवून टाका. मी जे सांगणार आहे ते ऐकताना कोणाच्या घशाखाली काही उतरायचं नाही.

तुम्ही या दुकानात यायच्या आधी माझ्याबरोबर एक जण काम करायचा. पिशवीत एक वेळ जेवणाचा डबा नसेल, पण वायरींचं भेंडोळं असायचंच, म्हणून सगळे त्याला वायऱ्या म्हणायचे. मेलेली मशीनं उठवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एकच खोड होती, त्याला कोणाला नाही म्हणता यायचं नाही. गिऱ्हाईक म्हणालं आत्ता ये, की हा आत्ता निघाला. आणि बायकोच्या भावापुढे तर याची जीभ टाळ्यालाच चिकटायची.

हा मेहुणा शहराच्या मैलापाण्याच्या पंपिंग स्टेशनवर सुपरवायझर होता. सगळ्या शहराचं संडास-मोऱ्यांचं पाणी तिथे एका खोल विहिरीत जमा होतं, आणि पंप ते उचलून पुढे ढकलतात. बायकोचा थोरला भाऊ, म्हणून वायऱ्या त्याला दादा म्हणायचा. मी त्याला काय म्हणायचो ते सोडा.

सोमवारची रात्र होती. अमावास्या नाही, काही नाही, चांगलं चांदणं पडलं होतं. उगाच मीठमसाला लावणार नाही मी. साडेबाराला मेहुण्याचा फोन आला.

"भावोजी, झोपलात का?"

"झोपलो होतो, दादा."

"आमचा कंट्रोलचा डबा गच्च भरलाय जुन्या नोंदींनी. उद्या दहाला तपासणीचे साहेब येणारेत, त्यांच्यापुढे अडकला तर शोभा व्हायची. जरा येऊन पुसून द्या सगळं."

"सकाळी लवकर येतो की."

"सकाळी कसं जमेल? शहर उठलं की लोंढा सुरू. दोन ते चार पाणी सगळ्यात कमी असतं, तेव्हाच पंप थांबवता येतात."

आता हे कारण खरं होतं. पक्क्या खोटारड्याची हीच तऱ्हा असते, तो खरं कारण पुढे उभं करतो आणि मागे आपला उद्योग उरकतो.

पंपांची आणि भोंग्याची नोंद ठेवणाऱ्या त्या डब्याला ना पडदा, ना बटणं. नेटवर्क कधीच मेलेलं. त्याच्याशी बोलायचं तर पोटाखाली नऊ पिनांचं एक पोर्ट आहे, त्यात सिरियल केबल लावायची, दुसरं टोक लॅपटॉपला, की कन्सोल, म्हणजे त्याच्याशी बोलायची खिडकी, उघडतो. हे तुम्हाला माहीतच आहे. पण केबल दोन जातींची असते हेही माहीत असू द्या. दुसरी पिन कान, तिसरी तोंड, आणि क्रॉस केबलमध्ये याचं तोंड त्याच्या कानाला जोडलेलं असतं. सरळ केबल लावली तर तोंडापुढे तोंड आणि कानापुढे कान, दोघंही बहिरे. तो डबा फक्त क्रॉसवर बोलायचा. आपल्याकडे दोन्ही केबली एकाच करड्या रंगाच्या होत्या, म्हणून क्रॉसवर मी लाल टेप गुंडाळून ठेवली होती. बायकोची झोप मोडू नये म्हणून वायऱ्याने दिवा लावला नाही, खुंटीवरची पिशवी उचलली आणि निघाला.

पावणेदोनला तो गेटपाशी पोचला. तिथल्या कठड्यावर एक बाई बसली होती. पायात चपला नव्हत्या, मांडीवर पाण्याची बाटली. वायऱ्याला आधी वाटलं कोणी वेडी असेल. तिने त्याच्या पिशवीकडे पाहिलं.

"तुम्ही मशीन उघडणारे का?"

"हो."

"मग नीट बघा त्यात. आमचे हे पीत नव्हते. उद्या कागदावर लिहिणार आहेत, दारूच्या नशेत पडले म्हणून. माझी पोरगी वाचते आता. तिने हे वाचायचं का?"

तेव्हा वायऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. शुक्रवारी संध्याकाळी इथला सफाईवाला विहिरीत उतरला होता, आणि वर आला तो शनिवारी दुपारी, दोरीला बांधलेला. पेपरात आलं होतं. स्टेशनकडून सांगितलं होतं की कामाची वेळ संपल्यावर, न सांगता, पिऊन उतरला. वायऱ्याने ते वाचलं होतं आणि पान उलटलं होतं, जसं आपण सगळेच उलटतो. त्याने बाईला "बघतो" म्हटलं आणि आत गेला.

मेहुणा वरच्या कंट्रोल रूममध्ये काचा लावून, पंखा सोडून बसला होता. टेबलावर बिस्किटांचा पुडा आणि चहा. समोरच्या बोर्डावर भोंग्याचा लाल दिवा, आणि त्याखाली आवाज बंद करायचं बटण. बाकी बटणांवर धूळ होती, हे मात्र बोटं लागून लागून काळं कुळकुळीत झालेलं.

"खाली जावं लागेल तुम्हाला," तो म्हणाला. "डबा विहिरीच्या खोलीत आहे. मी नाही येत. मला तो वास सोसत नाही."

बावीस वर्षं त्याची तिथे नोकरी झाली होती. खाली उतरणारे दुसरेच असायचे.

लोखंडी जिना उतरताना कठड्याला हात लावला तर हात चिकटला. काय होतं ते वायऱ्याने पाहिलं नाही. खालच्या खोलीत भिंतींना घाम सुटल्यासारखं पाणी सुटलेलं, त्यावर करड्या शेवाळाचा थर, थरात झुरळं. वास आधी नाकात शिरला, मग जिभेवर बसला. सडक्या अंड्यांसारखा, पण त्यात गोडूसपणा. तो गोडूसपणा सगळ्यात वाईट. मधोमध विहीर, वर जाळी, जाळीचा एक भाग उघडा. खाली पाणी म्हणायचं ते पाणी नव्हतंच. गोठलेल्या तेलाची पिवळट साय, हातभर जाड, त्यात केसांचे गुंते आणि बायकांचे कपडे आणि आणखी काय काय. मला त्याने सांगितलं तेव्हा मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

दोन वाजून वीस मिनिटांनी मेहुण्याने वरून पंप थांबवले. खोली एकदम गप्प झाली. वायऱ्याने पालथ्या बादलीवर लॅपटॉप ठेवला, पिशवीत हात घालून केबल काढली, डब्याच्या पोटाखाली चाचपडत पोर्ट शोधलं आणि खोचली. सवयीने अक्षरं यायचा-जायचा वेग लावला. असं जोडलं की आपण एंटर दाबतो आणि मग पलीकडचा बोलतो, बरोबर? त्याने एंटर दाबलं. काही नाही. पुन्हा दाबायला बोट उचललं, तर बोट टेकायच्या आधीच ओळी यायला लागल्या.

त्याला बरं वाटलं. उघडला एकदाचा, म्हणाला.

ओळी इंग्रजीत होत्या, मी तुम्हाला मराठीत सांगतो. नोंदी शुक्रवारपासून सुरू झाल्या, त्याच्या आधीचं काहीच नाही. शुक्रवार, सात वाजून चौदा मिनिटं. फ्लोट वर, भोंगा सुरू. त्याच मिनिटाला, भोंग्याचा आवाज बंद, वरच्या खोलीतून. सात सोळा. फ्लोट वर, भोंगा सुरू. आवाज बंद, वरच्या खोलीतून.

फ्लोट म्हणजे नारळाएवढा प्लॅस्टिकचा गोळा, वायरीने विहिरीत टांगलेला. पाणी फार चढलं की तो उचलला जातो आणि वर भोंगा वाजतो. पण पाणी त्याला हळूहळू उचलतं आणि उचलून धरतं. इथे तो उचलला जायचा आणि दोन सेकंदांत खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. सात एकोणीसला. सात वीसला. पाणी असं करत नाही. वायर ओढली, सोडली, ओढली, सोडली, की असं होतं.

वायऱ्याने मोजलं. अकरा वेळा भोंगा झाला होता, आणि अकराही वेळा वरून आवाज बंद. शेवटची नोंद सात एकतीसची.

त्याने वर फोन लावला.

"दादा, शुक्रवारच्या नोंदी पाहिल्यात?"

पलीकडून चावण्याचा आवाज आला. मग थांबला.

"तुम्हाला पुसायला बोलावलंय, भावोजी. वाचायला नाही."

"अकरा वेळा वाजलाय."

"तो रोजच वाजतो. कधी चिंधी अडकते, कधी केस. दिवसातून वीस-वीसदा. इथे प्रत्येक जण बंद करतो. ती सवयच आहे हाताची. तुम्ही असतात तर तुम्हीही केलं असतंत."

"तो आत होता, दादा. तो खालून बोलवत होता."

"मला वाटलं वर आला असेल." मग जरा वेळाने, "तुमच्या घरात माझी बहीण आहे. तिला बाहेर तोंड दाखवायला जागा राहील का, एवढं बघा आणि काय ते ठरवा."

आणि फोनवर पुन्हा चावण्याचा आवाज सुरू झाला.

आता वायऱ्याच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत ते मला सांगू नका, सगळे शूरच असतात. त्याने पुसायची आज्ञा टाइप केली. पडद्यावर विचारलं गेलं, नक्की? गेटवरची बाई त्याला आठवली. तिची वाचणारी पोरगीही आठवली. तरी त्याने हो लिहिलं. मला सांगताना तो रडला होता. म्हणाला, त्या विहिरीपेक्षा मला माझ्या बोटाची जास्त किळस आली.

पडदा कोरा झाला.

दोन वाजून एक्कावन्न मिनिटं. त्याने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, आणि एक ओळ आली.

फ्लोट वर. भोंगा सुरू.

त्याच्याखाली दुसरी. आवाज बंद, वरच्या खोलीतून.

त्याला वाटलं जुनीच एखादी राहिली असेल. वेळ पाहिली. सोमवारचा मंगळवार झालेला. दोन एक्कावन्न. आत्ताची.

आणि भोंग्याच्या नोंदीचा आकडा. सगळं पुसल्यावर आकडा एकपासून सुरू होतो. इथे लिहिलं होतं... बारा.

फ्लोट वर. भोंगा सुरू. तेरा.

आवाज बंद, वरच्या खोलीतून.

चौदा.

आवाज बंद.

म्हणजे वर भोंगा वाजत होता. आणि वर तो बिस्किट खाता खाता बटण दाबत होता.

वायऱ्या उठला. जाळीच्या उघड्या भागापाशी गेला. टॉर्च खाली धरला. पंप बंद होते. साय जशीच्या तशी होती. हललेली नव्हती. एक बुडबुडाही नव्हता.

फ्लोटची वायर वरच्या हुकाला लटकत होती. त्याने टॉर्च तिच्यावरून खाली नेला. हातभर खाली... वायर संपली होती. कापलेली. खाली गोळा नव्हताच.

पाठीमागे पडदा उजळत होता. पंधरा. सोळा. आता दोन ओळींमध्ये वेळ राहत नव्हता.

तो परत वळला. केबल उपटायची, एवढंच सुचलं. डब्याच्या बाजूचं टोक धरलं. ते कोमट होतं. ओलं. बुळबुळीत... बोटं सरकत होती. टॉर्च तोंडात धरून त्याने दोन्ही हातांनी धरलं आणि उजेड केबलवर पडला.

लाल टेप नव्हती.

त्याने दुसरं टोक पाहिलं. तिथेही नव्हती. ती सरळ केबल होती. अर्धा तास तो सरळ केबलवर बोलत होता. वाचत होता. उत्तरं देत होता... त्या केबलवरून त्या डब्याचं अक्षरही येणं शक्य नव्हतं. आणि याचं एक अक्षरही डब्यात जाणं शक्य नव्हतं.

मग पलीकडे...

त्याने केबल उपटली. टोक हातात. लोंबकळतंय.

पडद्यावर ओळ आली.

फ्लोट वर.

या वेळी आवाज बंद करणारी ओळ आली नाही. वायऱ्या थांबला. का थांबला ते त्याला माहीत नाही. तो वाट बघत होता, म्हणाला. विहिरीतून कोणीतरी वर यावं म्हणून...

मग तो धावला.

वर मेहुणा पाय खुर्चीवर टाकून बसला होता. चहात बुडवलेलं बिस्किट तुटून कपात पडलं होतं आणि तो ते बोटाने काढत होता. भोंगा वाजत नव्हता.

"आत्ता किती वेळा दाबलंत?" वायऱ्याने विचारलं.

"काय?"

"आवाज बंद."

"असेल पाच-सहा वेळा. तो फ्लोट खराबच आहे, सांगितलं ना."

"खाली फ्लोट नाहीये, दादा. वायर कापलेली आहे."

मेहुण्याचं बोट कपातच राहिलं. हळूहळू त्याचा चेहरा उतरला. सफाईवाल्याला वर काढला तेव्हा त्याची मूठ सुटत नव्हती, मेहुणा म्हणाला. वायर मुठीत होती. शेवटी वायर कापून, मुठीतल्या तुकड्यासकट, गोळ्यासकट प्रेत पाठवलं. शनिवारपासून विहिरीत फ्लोट नव्हता.

वायऱ्याने मग केबलचं सांगितलं. आणि त्या माणसाने पहिलं काय विचारलं असेल? जो खालून बोलवत होता त्याच्याबद्दल एक शब्द नाही.

"म्हणजे नोंदी पुसल्याच नाहीत? डब्यात आहेत अजून?"

"असतील."

"मग जा, ती दुसरी केबल आणा. सव्वातीन होतायत, वेळ आहे अजून."

मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली. गटारात पडलेली मशीनं उघडलीत, उंदरांनी घरं केलेले डबे उघडलेत. पण हे वाक्य आठवलं की आजही तोंडाला ओकारीचं पाणी सुटतं.

लाल टेपवाली केबल इथे दुकानात होती. तेव्हा मी दुकानाच्या माडीवरच झोपायचो. चारला शटर वाजलं. वायऱ्या आत आला आणि मी नाकाला रुमाल लावला, इतका त्याला वास येत होता. काही न बोलता तो मोरीवर गेला. साबणाने हात घासले, मग रॉकेलने, मग फरशी घासायच्या ब्रशने. सालटं निघाली तरी थांबेना, तेव्हा मी त्याला धरून खाली बसवलं. मग त्याने हे सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगतोय त्याच क्रमाने. आणि शेवटी म्हणाला, "ती लाल टेपवाली कुठेतरी कुलपात टाका. मी मागितली तरी देऊ नका."

मेहुण्याचा फोन दर पाच मिनिटांनी वाजत होता. पावणेसहाला वायऱ्याने केबल मागितलीच, खाली मान घालून. मी दिली नाही. किल्ली मी मोज्यात घातली होती. नंतर तो कधी आभार मानायचा, कधी माझ्याकडे बघायचाही नाही.

दहाला मी त्याच्याबरोबर स्टेशनवर गेलो. तपासणीचे साहेब दोघे होते आणि त्यांनी आपली केबल आणली होती. डबा वर आणून टेबलावर ठेवला. ती बाई दारात उभी होती, तिला कोणी आत या म्हटलं नव्हतं आणि बाहेर जा म्हणायची कोणाची छाती झाली नाही. साहेबांनी नोंदी मोठ्याने वाचल्या. वायऱ्याने मला सांगितल्या होत्या त्याच, मिनिटासकट. अकरा. सोमवारच्या रात्रीची डब्यात एकही नोंद नव्हती. त्या रात्री डबा मुका होता.

मेहुणा म्हणाला, फ्लोट खराब होता. साहेबांनी विचारलं, मग बदलला का नाही? नशेची ओळ कागदावरून गेली, ती अशी. मेहुणाही गेला, आधी नोकरीवरून आणि मग आत. वायऱ्याची बायको दोन वर्षं माहेरच्यांचं तोंड बघू शकली नाही, पण नवऱ्याला तिने कधी दोष दिला नाही.

दारातून बाईने एकच विचारलं.

"पहिल्यांदा वाजलं ते किती वाजता?"

"सात चौदा," साहेब म्हणाले.

"आणि शेवटी?"

"सात एकतीस."

तिने बोटांवर मोजलं. मोजून झाल्यावर एकदा बोर्डावरच्या त्या काळ्या बटणाकडे पाहिलं, आणि निघून गेली.

आता राहिली ती सरळ केबल. वायऱ्याने तिला पुन्हा हात लावला नाही. माझं मात्र डोकं ऐकेना. म्हटलं, कारखान्यातच चूक झाली असेल, सरळ म्हणून क्रॉस विकली असेल. मीटर लावला. सरळच होती, प्रत्येक पिन. तरी मनाचं समाधान होईना. तिची टोकं ओतीव रबराची होती, आत पाणी काय, सुईसुद्धा शिरायला जागा नाही. डब्याकडचं टोक मी याच टेबलावर पात्याने उभं चिरलं. तो गोडूस वास एकदम खोलीभर झाला. आत रबर नव्हतं, काळा ओला गाळ भरला होता. तो मी काडीने बाजूला केला. आत, दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेच्या मध्ये, मुळापासून निघालेलं माणसाचं एक नख होतं.